टाकीवाल्याची काच

टाकीवाल्याला हळू बोलता येत नसे. लोकांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांत उतरून त्या घासण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि टाकीच्या आत माणूस नुसता खाकरला तरी चार बाजूंनी चार जण खाकरल्यासारखं होतं. त्या घुमण्यात त्याचा उजवा कान कधीच गेला होता आणि डावा वाटेला लागला होता. शेजाऱ्याला तो "बरं आहे का?" असं विचारायचा तेव्हा पलीकडच्या गल्लीतला माणूस "बरं आहे" म्हणायचा. कुणाच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला की हा आधी विचारणार, "टाकी कधी धुतली?" यजमान जरा घुटमळला की पेला तसाच परत. अशा माणसाला लोकांनी घरी बोलवणं कमी केलं, तर त्यात लोकांची काही चूक नव्हती.

कामावर त्याची बायको त्याच्या बरोबर असायची. तो आत उतरायचा, ती टाकीच्या तोंडाशी बसायची. दोरी तिच्या हातात, बादली दोरीला. आतून ओरडलेलं वर कळत नाही, नुसता घुमारा येतो, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. ब्रशच्या दांड्याने आतून एकदा ठोकलं म्हणजे सगळं ठीक. दोनदा ठोकलं म्हणजे बादली वर घे. तीनदा म्हणजे मला बाहेर काढ.

तीनची खूण तीस वर्षांत एकदाच वाजली. एका कारखान्याच्या जमिनीखालच्या टाकीत त्याला एकाएकी गरगरायला लागलं. आपण पुरुषासारखे पुरुष आणि बायकोला बाहेर काढ म्हणून सांगायचं, या लाजेत त्याने दोन-तीन मिनिटं घालवली आणि मग कसंबसं ठोकलं. तिने पहारेकऱ्याला हाका मारून आणलं, दोघांनी दोरीने त्याला वर ओढलं. शुद्धीवर आला तेव्हा ती त्याच्या गालांवर चापट्या मारत होती, आणि तो शुद्धीवर आल्यानंतरही तिने आणखी दोन मारल्या. "तीन वाजवायला लाजायचं नसतं," ती म्हणाली. "लाजणारा आतच राहतो."

मोटरसायकलवरही हेच चालायचं. रस्त्याच्या आवाजात त्याला धड ऐकू येत नसे, म्हणून पाठीवर एक थाप म्हणजे ठीक, दोन म्हणजे हळू घ्या, तीन म्हणजे आत्ताच्या आत्ता थांबा. पण थापा कमी आणि बडबड जास्त. ती मागून त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सारखी काहीतरी सांगत असायची. अमक्या घराला नवा रंग लागला, तमका दुकानदार वाळला, पुढे कुत्रं आहे, ते तुम्हाला बघतंय पण तुम्ही त्याला बघत नाही. तो "हं हं" करत गाडी चालवायचा. गाडी जुनी होती आणि त्याचा तिच्यावर भारी जीव. दुसऱ्या कुणाच्या हातात किल्ली द्यायची म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी. घेतल्या दिवसापासून ती गाडी त्याच्याखेरीज कुणीही चालवलेली नव्हती.

मग बायकोला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बसल्या जागी. छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढले, आणि कामाविषयी विचारलं.

"टाकीत कोण उतरतं?"

"मी," टाकीवाला म्हणाला. "अवघड काम माझं. ही आपली वर, मोकळ्या हवेत."

"ब्लीचिंग पावडर कोण कालवतं?"

टाकीवाल्याने बायकोकडे बघितलं. पावडर तीच कालवायची. बादलीवर ओणवी होऊन, कोरडी पावडर ओतून, लाकडाने ढवळून. तिला ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तो आतून ओरडायचा, "आटप लवकर!" स्वतः तो आत तोंडाला फडकं बांधून असायचा. वर, उघड्यावर कसलं फडकं बांधायचं, असं दोघांनाही वाटलं होतं.

"तीच," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो इतकं हळू बोलला की डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारावं लागलं.

फुफ्फुसं बरीच खराब झाली होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, दवाखान्यात यायचं, तिथे दोन तास औषधाची वाफ घ्यायची, असं ठरलं. "आणि काका, थंडी संपेपर्यंत त्यांना वारा लागू देऊ नका," बाई म्हणाल्या. "बंद गाडीतून आणा. गार वारा थेट नाकातोंडात गेला, तर इथे आम्ही जे करतो ते सगळं पाण्यात."

दवाखाना घरापासून पंचवीस किलोमीटर. बस दोन बदलाव्या लागत, आणि दोन्हींच्या मध्ये पायऱ्यांचा एक पूल. तो पूल ती एकदा चढली आणि अर्ध्यावर बसली, ती अर्धा तास उठलीच नाही. दर खेपेला बंद गाडी करणं आवाक्यातलं नव्हतं. राहिली मोटरसायकल. टाकीवाल्याने दोन रात्री विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी बायकोला घेऊन तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. गाडीला पुढून काच बसवायची. वारा तिथेच अडवायचा. तिच्यापर्यंत येऊच द्यायचा नाही. पावडरीच्या बाबतीत आपण आंधळे राहिलो, आता नाही, असं त्याने मनाशी घट्ट धरलं होतं.

दुकान अरुंद होतं. छताला हेल्मेटं टांगलेली, भिंतीला आरसे, आणि सगळीकडे नव्या रबराचा वास. आत उभं राहायला जागा नव्हती म्हणून दुकानदाराने काकूंसाठी बाहेर फूटपाथवर स्टूल टाकलं. दुकानदार तरुण होता आणि त्याची जीभ त्याच्याहून तरुण होती.

"काका, काच नका म्हणू. विंडशील्ड म्हणा. काच असती तर पहिल्याच खड्ड्याला तुमच्या मांडीत आली असती."

"मग काय आहे ते?"

"प्लास्टिक. पण एक नंबर."

"म्हणजे टाकीच की!" टाकीवाला गरजला, आणि रस्त्यावरून जाणारे दोघं थबकले.

दुकानदाराने तीन काचा काढून फळीवर उभ्या केल्या. पहिली बुटकी, काळपट. "ही कॉलेजची पोरं लावतात. वारा अडत नाही, पण पोरी बघतात."

"यांना आता कोण बघतंय? तिला राहू दे," बाहेरून बायको म्हणाली. दम लागला तरी तिचं हे सुटलं नव्हतं.

दुसरी काच मध्यम उंचीची, स्वच्छ आरपार. तिला खाली दोन खटके होते. खटके दाबले की सुटली, बसवून दाबले की पक्की. दुकानदाराने चार वेळा काढून घालून दाखवली, जादूगारासारखी. तिसरी मात्र चांगलीच उंच आणि रुंद होती, दोन्ही बाजूंना कान असलेली. ती चार बोल्टांवर बसायची आणि तिला मागून दोन लोखंडी दांड्यांचा टेकू लागायचा.

"ती मोठी कशी आहे?" बायकोने विचारलं.

"आणि शिडी कुठे बांधू? डोक्यावर?" टाकीवाला म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. कामाच्या दिवशी शिडी गाडीच्या डाव्या अंगाला बांधलेली असे, आणि तिचं पुढचं टोक हँडलच्या वरून हातभर बाहेर यायचं. काच असली तर शिडी नाही, शिडी असली तर काच नाही. मोठी काच काढायला पाना आणि अर्धा तास हवा. मधली काढायला दोन खटके. चार दिवस शिडी, दोन दिवस काच, असा हिशेब त्याने तिथल्या तिथे बसवला.

"उंचीचा एक नियम आहे," दुकानदार म्हणाला. "बसा गाडीवर, ताठ बसा." त्याने मधली काच बसवली आणि एक पट्टी आडवी धरून टाकीवाल्याच्या नाकाच्या शेंड्याला टेकवली. "बघा, वरची कड बरोबर नाकाला आली. तुम्ही बघणार कडेवरून, आणि वारा कडेवरून उडी मारून जाणार तुमच्या डोक्यावरून. अगदी तुमच्या मापाची."

"आणि तिथून मग कुठे जातो?" बायकोने विचारलं.

"कोण?"

"वारा."

"मागच्या मागे जातो काकू! आपल्याला काय करायचंय त्याचं?"

सगळे हसले. तीही हसली, आणि त्या हसण्याचा तिला असा ठसका लागला की टाकीवाला गाडीवरून उतरून तिची पाठ चोळत बसला.

मग दुकानदार म्हणाला, "एक चक्कर मारून या." टाकीवाल्याने चक्कर मारली. एकट्याने. बायको नुकती खोकून थकली होती, तिला कशाला उठवा. मोठ्या रस्त्याला लागून त्याने वेग वाढवला, आणि त्याला नवलच वाटलं. छातीवर वारा नाही, डोळ्यांत पाणी नाही. तो काहीतरी गुणगुणत होता आणि ते त्याला स्वतःला ऐकू येत होतं, त्या डाव्या कानाने. तो परत आला तो लहान मुलासारखा हसत. "अगं, खोलीत बसल्यासारखं वाटतं! वाऱ्याचा मागमूस नाही!"

"मग घ्या," ती म्हणाली.

त्या थंडीत त्यांच्या घरात त्या काचेचे जेवढे लाड झाले तेवढे कुणाचे झाले नसतील. कामाच्या दिवशी ती जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर. कोरड्या फडक्याने पुसली तर चरे पडतात, असं दुकानदाराने बजावलं होतं, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी बायको खुर्चीत बसून, ओल्या मऊ कापडाने, मध्ये मध्ये थांबून श्वास घेत ती काच पुसायची. टाकीवाला म्हणायचा, राहू दे, मी करतो. ती म्हणायची, तुमचे हात ब्रशचे आहेत, ओरबाडाल.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तो काच बसवायचा. खट, खट. बायको स्वेटर, मफलर, वरून शाल आणि डोक्यावर तिचं ते अर्धं, उघड्या तोंडाचं हेल्मेट घालून मागे बसायची. बंद हेल्मेटमध्ये तिचा जीव घुसमटायचा. गावाबाहेर पडलं की लांबच लांब उघडा रस्ता होता, दोन्ही बाजूंना एक झाड नाही. टाकीवाला काचेमागे मजेत. दर पाच-दहा मिनिटांनी तो मान वळवून ओरडायचा, "वारा लागतोय का गं?" पाठीवर एक थाप पडायची. ठीक.

ती आता रस्त्यात बोलत नसे. दमच कुठे आहे बिचारीला, असं त्याला वाटायचं. पण एक गोष्ट नवीनच झाली होती. तीस वर्षांत जी बाई चारचौघांत त्याच्यापासून वीतभर अंतर ठेवून बसली, ती आता गाव सुटलं की त्याच्या पाठीला बिलगायची. डाव्या खांद्याच्या खाली गाल टेकवून, मान खाली घालून, घट्ट. टाकीवाला शरमला, आणि खरं सांगायचं तर सुखावलाही. म्हातारपणी का होईना, आपण केलेलं कुणाला तरी पोचलं, असं त्याला वाटलं. तिला टेकायला बरं पडावं म्हणून तो आणखी ताठ बसायचा. आरशात तिचा चेहरा दिसत नसे, फक्त शालीचं टोक उडताना दिसायचं. ते का उडतंय, असा प्रश्न त्याला पडला नाही. माणसाला सुख झालं की त्याची नजर आखूड होते.

दवाखान्यात पोचल्यावर तिचे डोळे लाल असायचे आणि ओठ निळसर. "गारठा आहे," ती म्हणायची.

एकदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, येताना वारा लागतो का?" टाकीवाला तिच्या आधी म्हणाला, "छे! काच बसवलीय ना!" आणि त्याने काचेचं सगळं वर्णन सांगितलं, खटक्यांसकट. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "यांनी हौसेने घेतलीय," ती बाईंना म्हणाली. बाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

थंडी सरता सरता, एका शुक्रवारी, दवाखान्यातच ती गेली. वाफेचं यंत्र तोंडाला होतं. टाकीवाला शेजारच्या बाकावर बसून डुलक्या घेत होता. जाग आली तेव्हा नर्स यंत्र बंद करत होती. फुफ्फुसं आधीच संपत आली होती, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं. हे शेवटचं वाक्य त्याने धरून ठेवलं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तेच सांगायचा. आपण सगळं केलं. वारासुद्धा लागू दिला नाही.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातून काही कागद आणायचे होते. त्या सकाळी तिचा धाकटा भाऊ आला. हा मेहुणा गवंडी, अंगापिंडाने आडवा, बोलायला कमी. टाकीवाल्याने सवयीने कपाटावरून काच उतरवली. शेवटची पुसली होती ती तिनेच, आणि त्या शुक्रवारनंतर ती चादरीतच होती. काच बसवताना त्याला खटका बसेना. मेहुण्याने काच त्याच्या हातातून घेऊन बसवली आणि तळहात पुढे केला.

"भाऊजी, किल्ली द्या. मी चालवतो."

टाकीवाल्याने किल्ली दिली. भांडायला त्याच्यात काही उरलं नव्हतं. आणि घेतल्या दिवसापासून पहिल्यांदाच तो स्वतःच्या गाडीवर मागे बसला.

गाव सुटेपर्यंत काही कळलं नाही. उघडा रस्ता लागला, मेहुण्याने वेग वाढवला, आणि टाकीवाल्याच्या तोंडावर कुणीतरी ओल्या पोत्याने मारल्यासारखं झालं. त्याने मान बाजूला केली, तर वारा कानात. मागचं सीट उंच होतं. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून उडी मारून वारा जो खाली यायचा, तो बरोबर मागच्याच्या तोंडावर. एकसारखाही नाही, धक्के देत, थांबून पुन्हा. त्याने श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि गार हवा घशात अशी शिरली की श्वास अडकला. त्याची फुफ्फुसं धडधाकट होती, तरी अडकला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि वाहता वाहता कानाकडे गेलं.

तो वाकला. जागा शोधत वाकला. मेहुण्याच्या पाठीवर त्याला एकच जागा सापडली जिथे जरा कमी लागत होतं. डाव्या खांद्याच्या खाली. मान खाली घालून, गाल घट्ट टेकवून.

तिथे गाल टेकला आणि मग टाकीवाल्याला सगळं कळलं.

पुढे मेहुणा काचेमागे आरामात होता. त्याने मान वळवून विचारलं, "ठीक ना, भाऊजी?" टाकीवाल्याला बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं, ते वाऱ्याने भरलं. त्याचा हात आपोआप उठला आणि पाठीवर एक थाप पडली. मेहुण्याला खुणा ठाऊक नव्हत्या. ठीक असेल असं समजून त्याने वेग आणखी वाढवला.

मग टाकीवाल्याने तीन मारल्या. तीन, आणि पुन्हा तीन, मुठीने. मेहुण्याने घाबरून गाडी कडेला घेतली.

"काय झालं? डोळे काय असे लाल झालेत?"

"काच काढ."

"अहो, पण वारा..."

"काढ म्हणतो ना!" टाकीवाला इतक्या जोरात ओरडला की शेतातली पाखरं उडाली.

खट, खट. काच निघाली. टाकीवाल्याने ती मांडीवर आडवी घेतली आणि तो परत मागे बसला. गाडी सुटली. मेहुण्याने समोरून येणारा वारा छातीवर घेतला, खांदे आवळले, मान खाली घातली. आणि मागे, त्याच्या रुंद पाठीच्या आड, टाकीवाल्याला काहीच लागेना. कानाजवळून थोडं भुरभुरत होतं, तेवढंच. श्वास नीट येत होता. इथे बसून माणूस बोलू शकला असता. अमक्या घराला नवा रंग लागला. पुढे कुत्रं आहे. तीस वर्षं ती इथे अशीच बसली होती, त्याच्या पाठीच्या आड, आणि तिला वारा लागत नव्हता. तो वारा त्यानेच काच आणून तिला लावला होता.

तीनची खूण तिला ठाऊक होती. तीनच्या खुणेनेच तिने त्याला एकदा ओढून वर काढलं होतं, लाजायचं नसतं म्हणून बजावलं होतं. आणि अख्ख्या थंडीत, दर खेपेला पंचवीस किलोमीटर जाताना आणि पंचवीस येताना, तिने त्याच्या पाठीवर मारली ती एकच थाप. हौसेने घेतलीय म्हणून. टाकीवाल्याला तिचा राग आला, इतका राग त्याला तीस वर्षांत कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढणार, म्हणून तो मेहुण्याच्या पाठीमागे बसून मोठ्याने रडायला लागला.

"भाऊजी," मेहुणा गारठलेल्या आवाजात म्हणाला, "आता बरं आहे का तिथे?"

"बरं आहे," टाकीवाला म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला. "इथे बरं आहे रे."